जुनं सागवानी टेबल आणि वेताच्या सहा खुर्च्या: घ्याव्यात का, आणि घेतल्या तर काय काय करावं लागेल?

रिकामा_कोपरा

पुण्यात पेठेतला एक वाडा उतरवताहेत. तिथलं जेवणाचं टेबल आणि सहा खुर्च्या विकायला आहेत. मालक सगळ्याचे मिळून २२ हजार म्हणतात, थोडं कमी होईल असं वाटतं. सोबत कपाटही घ्या म्हणतात, पण ते मला नकोय.

टेबल ५ फूट बाय ३ फूट. वर फिकट हिरवा सनमायका चिकटवलाय, एका कोपऱ्यात तो उचकटलाय. खुर्च्यांच्या बैठकी वेताच्या. दोन फाटल्यात, दोन झोळीसारख्या खाली आल्यात, दोन ठीक. चार खुर्च्या डुगडुगतात. पॉलिश काळंकुट्ट आणि हाताला किंचित चिकट लागतं. दोन खुर्च्यांच्या मागच्या पायांना टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली. मालक म्हणतात, "बर्मा सागवान आहे, किडा लागतच नाही, ती खिळ्यांची भोकं."

माझे प्रश्न: हे सागवानच आहे हे कसं ओळखायचं? किंमत योग्य आहे का? भोकांचं काय करायचं? यातलं घरी किती करता येईल आणि कशासाठी कारागीर लागेल? हत्यारं म्हणाल तर ड्रिल, हातोडा, पटाशी आणि दोन सी-क्लॅम्प आहेत. गच्ची वापरता येते. पावसाळ्याच्या आत संपवायचा विचार आहे.

---

सुतारपक्षी

आधी लाकूड. टेबल आडवं पाडून खालची बाजू बघा, तिथे पॉलिश नसतं. आतल्या कडेवर, दिसणार नाही अशा जागी, पटाशीने नखाएवढी ढलपी काढा. ताजं सागवान सोनेरी-तपकिरी निघतं, बोटांना किंचित तेलकट लागतं आणि जुन्या चामड्यासारखा वास येतो. लाकूड पन्नास वर्षांचं असलं तरी ताज्या कापाला हा वास येतो. वास नाही, रंग लालसर आणि वजन फार, तर दुसरं काही असेल. शिसवी सागवानापेक्षा बरीच जड आणि जांभळट-काळ्या रेषांची असते, पण वरून पॉलिश काळं आहे म्हणून कुणी शिसवी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

मग फळीचं टोक बघा. वरच्या पृष्ठावरच्या रेषा कडेवरून खाली वळून टोकाच्या वलयांना मिळत असतील तर भरीव लाकूड. कडेवर वेगळी पट्टी आणि मध्ये थर दिसले तर प्लाय. टेबलाबाबत हे खालूनच बघायला हवं, कारण वर सनमायका आहे. खालून ४-५ फळ्यांचे जोड दिसले तर उत्तम. एकसलग ३ फुटी पान (टेबलाचा वरचा भाग) दिसलं तर प्लाय समजा आणि किंमत निम्म्यावर आणा.

"बर्मा" हा शब्द कानाआड करा. जुन्या, पॉलिश चढलेल्या लाकडाकडे नुसतं बघून ते बर्माचं की चंद्रपूर-गडचिरोलीकडचं, हे छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. त्या एका शब्दासाठी जास्तीचा रुपया देऊ नका.

आता किंमत. घनफूट काढायची सुताराची रीत सोपी: लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, तिघांचा गुणाकार करून १४४ ने भागायचं. टेबलाचं पान १ इंच जाड धरलं तर ५ × ३६ × १ भागिले १४४ = १.२५ घनफूट. पाय आणि खालची चौकट धरून टेबल २ घनफुटांच्या आसपास जाईल. खुर्चीत मात्र जेमतेम एक तृतीयांश घनफूट लाकूड असतं, म्हणजे सहा मिळून आणखी २. एकूण ४. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये फोन करून कोरड्या सागवानी साइजचा (मापात कापलेल्या लाकडाचा) आजचा घनफुटाचा भाव विचारा आणि ४ ने गुणा. तेवढी लाकडाची किंमत. नव्याने करायचं तर तासण्यात वाया जाणारं लाकूड आणि मजुरी त्यावर आली. खुर्चीत लाकूड कमी आणि मजुरी जास्त, म्हणून सांधे शाबूत असतील तर जुन्या खुर्च्या नेहमीच स्वस्त पडतात. टेबलाचं गणित तितकं सरळ नाही.

मालकाकडे घासाघीस करताना मात्र फाटलेल्या दोन बैठकी आणि सनमायका, एवढंच बोला. डुगडुगण्याचा मुद्दा काढू नका. ते सगळ्यात स्वस्तात सुटतं.

---

सुतारपक्षी

भोकांचं राहिलं. खिळ्याचं भोक ओळखू येतं: ते एका रेषेत किंवा सांध्याजवळ असतं आणि आतली कड गंजाने काळी पडलेली असते. किड्याचं भोक १ ते ३ मिलिमीटरचं, अगदी गोल, कुठेही विखुरलेलं. सागवानाला किडा लागत नाही हे अर्धसत्य आहे. गाभ्याच्या लाकडाला सहसा लागत नाही, पण गाभ्याबाहेरचा पांढरट भाग त्याला फार आवडतो. खुर्चीचा मागचा पाय वळणदार कापायचा म्हणून लाकूड वाचवताना सुतार एका कडेला पांढरा भाग येऊ देतो. भोकं नेमकी मागच्या पायांना आहेत म्हणजे तेच झालं असणार.

पायावर हातोडीच्या दांड्याने हलकेच ठोका. खाली पांढऱ्या कागदावर मैद्यासारखी बारीक, फिकट भुकटी पडली तर किडा जिवंत असण्याची शक्यता आहे. भुकटी जुनी, मळकट किंवा नाहीच, तर नक्की सांगता येत नाही. मग भोकांवर कागदी टेप चिकटवा आणि तीन आठवडे थांबा. टेपला नवं भोक पडलं तर उत्तर मिळालं.

मोठी सुई घ्या आणि भोकांच्या आसपास टोचून बघा. सुई २-३ मिलिमीटरच्या वर सहज शिरली तर तो भाग पोकळ झालाय. पाय बदलावा लागेल किंवा तेवढा तुकडा कापून नवा जोडावा लागेल. शिरली नाही तर औषध पुरे. बाजारात लाकडावरचं तयार वाळवीनाशक मिळतं, टर्मिनेटर वगैरे. इंजेक्शनच्या सुईने प्रत्येक भोकात ते ओसंडेपर्यंत भरा, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा, मग मेणाने बुजवा. वरून नुसतं ब्रशने फासून काही होत नाही. पॉलिशवर औषध मुरतच नाही, आणि किडा पृष्ठभागावर बसलेला नसतो. म्हणून पॉलिश खरवडून झाल्यावर, उघड्या लाकडाला सगळीकडून एक हात द्या. ही औषधं पेट्रोलियम द्रावणात असतात. गच्चीवर करा, हातमोजे घाला, जवळ विडी-काडी नको.

वाळवीचं लक्षण वेगळं: भोकं नाहीत, मातीच्या नळ्या दिसतात आणि लाकूड आतून पापुद्र्यांसारखं पोखरलेलं असतं. तसं दिसलं तर वस्तू घरातच आणू नका.

---

बुधवार_रविवार

वरचे दोन्ही प्रतिसाद +१. भर एवढीच की ढेकूण बघा. सगळे लाकडाचा किडा शोधतात आणि ढेकूण घेऊन घरी येतात. खुर्ची उलटी करा. बैठकीच्या चौकटीखालचे कोपरे, वेत बांधलेली भोकं, स्क्रूच्या खाचा टॉर्चने बघा. जुना व्हिजिटिंग कार्डाचा पुठ्ठा फटीतून फिरवा. काळे ठिपके, फिकट टरफलं किंवा पांढरी अंडी दिसली तर वस्तू थेट गच्चीवर. ढेकूण काही महिने उपाशी राहू शकतात, म्हणून "वाडा वर्षभर बंद होता" हे कारण पुरेसं नाही. लाकडी वस्तूला वाफेच्या यंत्राने फटीफटीत वाफ द्या. गादीवाला सोफा जुना घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. घ्यायचाच तर सांगाड्याच्या भावाने घ्या, वरचं कापड-फोम तिथेच टाकून या.

आणि वाड्यातला माल मिळतोय तर बाजारात फिरूच नका. मुंबईत ओशिवऱ्याला दुकानांत जुनं म्हणून नवं केलेलंही भरपूर असतं. ओळखायची खूण वापराची झीज. खुर्चीच्या पुढच्या आडव्या दांडीवर पाय टेकून ती मधोमध झिजलेली हवी, हातांची टोकं गुळगुळीत हवीत. हात पोचणार नाही अशा खाचेतही सारखाच काळपटपणा असेल तर तो रंग आहे, वय नव्हे. जुन्या हाताच्या रंध्याने तासलेल्या फळीची खालची बाजू पूर्ण सपाट नसते, बोटं फिरवली की हलक्या लाटा लागतात. अधिकच्या चिन्हाचे स्क्रू दिसले तर ते नंतर कधीतरी लावलेत. आणि गोल टेबल असेल तर टेप दोन्ही दिशांनी लावा. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेला आकसतं, म्हणून जुनं गोल टेबल किंचित लंबगोल भरतं.

चोरबाजारात मटण स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद असतात आणि रस्त्यावर पहाटेपासून दुसराच बाजार भरतो. तिथे मोठ्या वस्तूंपेक्षा मुठी, कड्या, बिजागऱ्या बघा. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी. टेबल-खुर्च्यांसाठी तिथे जाण्यात अर्थ नाही, पण जुने पितळी स्क्रू, चांगल्या पोलादाची पटाशी, लाकडी रंधा तिथे मिळतो. चुंबक खिशात ठेवा. पितळेचा मुलामा दिलेलं लोखंड त्याला लगेच चिकटतं.

---

रिकामा_कोपरा

सगळ्यांचे आभार! आज जाऊन बघितलं. ढलपीला चामड्याचा वास आला. टेबल खालून पाच फळ्यांचं, भरीव. सुई १ मिलिमीटरच्या पुढे गेली नाही, भुकटी नाही, ढेकूण नाहीत. १७ हजारांवर ठरलं, टेम्पो माझा.

आता पुढचं. सांधे घट्ट करायला कोपऱ्यांत लोखंडी एल-पट्ट्या मारल्या तर चालतील का? एका सुताराने तेच सुचवलं.

---

सुतारपक्षी

नाही! एल-पट्टी मारली की सांधा हलायचा थांबत नाही, फक्त स्क्रूभोवती हलू लागतो. दोन वर्षांत स्क्रूची भोकं मोठी होतात आणि चौकट चिरते. सांध्यात आडवा खिळा मारणंही तसलंच, आतलं कूस (खाचेत बसणारं लाकडाचं टोक) त्याने उभं फाटतं.

खुर्ची डुगडुगते कारण आतला सरस कोरडा पडून सुटलाय. लाकूड शाबूत आहे. म्हणजे सांधे उघडायचे, साफ करायचे, पुन्हा चिकटवायचे. एका खुर्चीला दोन संध्याकाळी धरा. जे सांधे पक्के आहेत ते उघडू नका, हा पहिला नियम. हलतं तेवढंच उघडायचं.

प्रत्येक भागावर कागदी टेप लावून नंबर टाका: खुर्ची २, पुढचा डावा पाय, असं. चार खुर्च्यांचे भाग एकत्र झाले की सगळे सारखे दिसतात पण एकमेकांत बसत नाहीत. हाताचं काम आहे ते. मग सांध्यांवर लाकडी मेखा किंवा डोकं मोडलेले खिळे शोधा. बहुतेकदा ते पुट्टीखाली लपलेले असतात, चुंबकाने सापडतात. हे न काढता सांधा ठोकला तर पाय फाटतोच. मेख मागच्या बाजूने ठोकून बाहेर काढा, नाही निघाली तर त्याच मापाच्या बिटने ड्रिल करा.

जुना सरस गरम पाण्याने मऊ पडतो. इंजेक्शनने सांध्याच्या फटीत गरम पाणी किंवा गरम व्हिनेगर सोडा, २०-३० मिनिटं थांबा, मग लाकडाचा तुकडा मध्ये ठेवून हातोडीने दोन्ही बाजूंनी आळीपाळीने ठोका. एका बाजूनेच ठोकलं तर कूस तिरकं होऊन अडकतं.

बाहेर आल्यावर कुसावरचा आणि खाचेतला सरस पूर्ण खरवडा. फेव्हिकॉल लाकडात मुरून धरतो, जुन्या सरसावर तो धरत नाही. पुन्हा डुगडुगणाऱ्या निम्म्या खुर्च्यांचं कारण एवढंच असतं. घासताना कूस बारीक करू नका. दोन दिवस सुकू द्या.

कोरडंच जोडून बघा. कूस हाताने ढकलून घट्ट बसायला हवं. सैल असेल तर रंध्याची पातळ सागवानी ढलपी कुसाच्या बाजूला चिकटवून जाडी वाढवा आणि मापात तासा. फेव्हिकॉलने पोकळी भरता येत नाही. फारच उखडलेली खाच असेल तिथे अ‍ॅरल्डाइट वापरा, सम प्रमाणात, आणि सावकाश घट्ट होणारं. पाच मिनिटांवालं नको.

चिकटवण्याआधी दोन्ही पृष्ठभाग थिनरच्या फडक्याने पुसा, कारण सागवानाचं स्वतःचं तेल वर येतं आणि चिकटू देत नाही. पुसल्यावर तासाभरात चिकटवा. फेव्हिकॉल दोन्हीकडे पातळ, कुसाला आणि खाचेच्या भिंतींना. तळाला थबथबीत भरला तर कूस आत जातच नाही.

मोठे क्लॅम्प नाहीत म्हणालात. गरज नाही. सुती दोरी चारही पायांभोवती दोन फेरे घालून बांधा, मध्ये काठी अडकवून पीळ द्या आणि काठी चौकटीला अडकवा. दोरीखाली पुठ्ठा ठेवा, नाहीतर लाकडात वळ उठतात. लगेच बैठकीचे दोन्ही कर्ण मोजा. डावी आणि उजवी बाजू सारख्या लांबीची असेल तर कर्ण सारखे भरले पाहिजेत. वेगळे भरले तर लांब कर्णाच्या दिशेने दाबून सरळ करा. मग स्वयंपाकाच्या ओट्यावर उभी करून बघा, ग्रॅनाइटइतकी सपाट जागा घरात दुसरी नसते. चारही पाय टेकले की तशीच ठेवा. चोवीस तास कुणी बसायचं नाही.

हे सगळं करूनही एक पाय अधांतरी राहिला तर तिथे नाणी सरकवून फरक मोजा. दोन मिलिमीटरपर्यंत असेल तर त्या पायाखाली फेल्ट किंवा चामड्याची चकती पुरे. बाकीचे तीन पाय कापायला बसू नका. एक कापला की दुसरा उंच वाटतो आणि शेवटी पाट होतो.

---

वेताळ

बैठकींचं मी सांगतो. झोळी झालेल्या दोन बैठकी नव्याने विणू नका, आधी हे करा. खुर्ची उलटी ठेवा, गरम पाण्यात पिळलेला टॉवेल खालच्या बाजूने वेतावर तासभर ठेवा, मग सावलीत रात्रभर सुकू द्या. वेताची चकचकीत बाजू वर असते, ती पाणी घेत नाही. खालची खरखरीत बाजू घेते आणि सुकताना आकसते. वेत तुटलेला नसेल तर बरीचशी झोळी जाते.

फाटलेल्या दोघींची चौकट बघा. चारही बाजूंना ओळीने सुटी भोकं असतील तर हाताने विणायची बैठक. सलग पन्हळ (खोबण) असेल तर तयार जाळी बसवायची. जाळीचं काम घरी जमतं: जुनी पट्टी पटाशीने काढा, पन्हळ साफ करा, जाळी सगळीकडून इंचभर मोठी कापून अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा, पन्हळीत लाकडी पाचरींनी दाबा, फेव्हिकॉल घालून वेताची पट्टी ठोकून बसवा. सुकल्यावर ढोलासारखी ताणली जाते. कोरडी जाळी बसवली तर पहिल्या पावसाळ्यात झोळी.

भोकांची असेल तर आधी भोकांचं अंतर मोजा. अर्ध्या इंचावर भोकं असतील तर २.५ मिलिमीटर रुंदीचा वेत, पाच-अष्टमांश इंचावर असतील तर ३ मिलिमीटर. जाड वेत घेतला तर तिरपे पदर भोकांतून जातच नाहीत. १६ इंची चौकोनी बैठकीला ९० ते १०० मीटर वेत लागतो, ऐकून लोक दचकतात पण लागतो. वेत २०-३० मिनिटंच भिजवा. तासन्‌तास पाण्यात राहिला तर काळवंडतो. चार-पाच पदर भिजत ठेवा, एक घेतला की एक टाका.

क्रम असा. पहिला थर पुढून मागे, उभा. दुसरा त्यावरून आडवा, विणायचा नाही, नुसता अंथरायचा. तिसरा पुन्हा उभा, पहिल्याच भोकांतून पण पहिल्या पदराच्या उजवीकडे. चौथा आडवा, आणि इथून विणकाम: तिसऱ्याच्या वरून, पहिल्याच्या खालून. पाचवा तिरपा, सहावा उलट तिरपा. एक तिरपा उभ्या जोड्यांवरून आणि आडव्या जोड्यांखालून जातो, दुसरा नेमका उलटा. शेवटी कडेने रुंद पट्टी बांधायची. चौथ्या थरानंतर जोड्या बोटांनी सरळ करून चौकोनी खिडक्या मोकळ्या करा. ते राहिलं तर तिरपे पदर अडकतात आणि कडांना घासून तुटतात. तिरपा पदर सरकवताना करकर आवाज आला तर समजा थर चुकला. बरोबर गेलेला पदर गुळगुळीत सरकतो.

पदर धरून ठेवायला भोकांत बांबूच्या बारीक खुंट्या ठोका. पहिला थर फार ताणू नका. सहा थर झाले की ताण आपोआप येतो, आधीच ताणला तर शेवटी चौकट वाकते.

पहिल्या खेपेला एका बैठकीला तीन-चार दिवस लागतील. वेतकामवाला सहसा चौरस फुटाचा किंवा भोकांच्या संख्येचा भाव सांगतो, खुर्ची न्यायच्या आधी भोकं मोजून जा. प्लॅस्टिकचा वेत स्वस्त आणि पाण्याला न भिणारा. पण तो भिजवून ताणता येत नाही, एकदा सैल पडला की संपलं.

विणकाम सगळ्यात शेवटी. आधी सांधे, मग पॉलिश, मग वेत. आणि वेतावर पॉलिश अजिबात नको. तो श्वास घेतो म्हणा हवं तर. वार्निशखाली कोरडा पडून चटाचट तुटतो.

---

चपडालाख

काळं आणि चिकट पॉलिश म्हणजे जुनी लाख, त्यावर तेलाचे आणि धुराचे थर. खात्री करा: कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून एका कोपऱ्यात अर्धा मिनिट धरा. विरघळून बोळा तपकिरी झाला तर लाखेचं पॉलिश. स्पिरिटने नाही पण थिनरने विरघळलं तर लॅकर. दोन्हींनी नाही तर मेलामाइन, पीयू (पॉलियुरेथेन) किंवा तेलाचं वार्निश, आणि मग कष्ट आहेत.

लाख असेल तर घासूच नका. स्पिरिट ब्रशने लावा, पाच मिनिटांनी नारळाच्या काथ्याने रेषांच्या दिशेने चोळा, जुन्या फडक्याने पुसा, पुन्हा लावा. तीन-चार खेपांत लाकूड दिसतं. लोखंडी घासणी नको, तिचे कण रेषांत अडकून पुढे काळे डाग पडतात.

कॉस्टिक सोडा सुचवणारे भेटतील. स्वस्त आहे, झटपट आहे, आणि सागवान त्याने काळपट होतं, रेषा उठून येतात, सांध्यातला सरसही सुटतो. वर तो लाकडात राहिला तर नवं पॉलिश सहा महिन्यांत पांढरं फुटतं. लोखंडी गेटला वापरा.

एक इशारा. कुठे पांढरा किंवा रंगीत ऑइलपेंट लागला तर तो कोरडा घासू नका. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून आली. त्याआधीच्या रंगाची धूळ लहान मुलांच्या घरात नकोच. पेंट रिमूव्हर लावून ओलाच खरवडा.

खिळ्यांभोवतीचे निळे-काळे डाग घासून जात नाहीत, ते खोल असतात. ऑक्झॅलिक अ‍ॅसिड ५० ग्रॅम एक लिटर गरम पाण्यात, प्लॅस्टिकच्या भांड्यात. ब्रशने पूर्ण पृष्ठभागावर लावा, फक्त डागावर लावलं तर पांढरा ठिपका उठतो. सुकल्यावर दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुवा. न धुता घासलं तर ती भुकटी नाकातोंडात जाते, आणि ती विषारी आहे.

मग पॉलिश पेपर १२०, १८०, २२०, कायम रेषांच्या दिशेने. पुढे लाख. चपडा लाखेची पानं २०० ते २५० ग्रॅम एक लिटर स्पिरिटमध्ये, काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बरणीत. लोखंडी डब्यात लाख काळी पडते. रात्रभर ठेवा, अधूनमधून हलवा, मलमलमधून गाळा. सहा महिन्यांच्या वर ठेवलेली लाख नीट सुकत नाही. काचेवर थेंब टाकून बघा, तासाभराने नख रुतलं तर फेकून द्या.

सागवानाच्या रेषा उघड्या असतात. आधी खडूची पावडर, थोडी पिवडी (पिवळी माती), चिमूटभर गेरू लाखेत कालवून ती लापशी रेषांच्या आडवी चोळा. सुकल्यावर २२० ने घासा. पावडर पांढरीच ठेवली तर रेषा आयुष्यभर पांढऱ्या दिसतात, म्हणून रंग लाकडापेक्षा जरा गडद ठेवा.

मग गादी: कापसाचा गोळा जुन्या सुती धोतराच्या तुकड्यात. लाख आत भरायची, कापडावर नाही. लांब हात, कुठेही थांबायचं नाही. थांबलात की खालचा थर विरघळून गादी चिकटते. दिवसाला दोन-तीन पातळ हात, एकूण आठ-दहा. गादी अडखळू लागली तर जवसाच्या तेलाचं एक बोट. आणि तेल लागलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं, बोळा आपणहून पेट घेऊ शकतो. दोरीवर पसरून वाळवा, मगच टाका.

पावसाळ्याआधी संपवायचं ठरवलंत ते बरोबर. दमट हवेत स्पिरिट उडताना थरात ओल अडकते आणि दुधी धुकं येतं. आलंच तर कोरड्या दिवशी जेमतेम ओली स्पिरिटची गादी हलकेच फिरवा, जातं.

---

शंकेखोर

खुर्च्यांना लाख ठीक. पण जेवणाच्या टेबलाला? आमटीचं गरम पातेलं ठेवलं की पांढरं वर्तुळ, सॅनिटायझर सांडला की थर साफ. टेबलाला पीयूच हवं.

---

चपडालाख

मान्य. पानाला मी लाख सांगणार नव्हतोच. दोन डब्यांचं मेलामाइन किंवा पीयू, प्रमाण डब्यावर असेल तेच, अंदाजाने नाही. मात्र पानाला लाखेचा हात आधी देऊ नका. साध्या चपड्यात मेण असतं आणि त्यावर पीयू धरत नाही, पापुद्रे निघतात. आणि मेलामाइनचा वास दोन दिवस डोळ्यांना झोंबतो, घरात मारू नका.

---

सुतारपक्षी

त्याआधी सनमायका निघायला हवा. उचकटलेल्या कोपऱ्यापासून सुरुवात. जाड फडकं टाकून त्यावर इस्त्री, सुती कपड्याच्या तापमानावर, एकेका वीतभर जागेला मिनिट-दीड मिनिट. रुंद पुट्टीपट्टी खाली सरकवा, उचला, पुढे चला. फेव्हिकॉल असेल तर उष्णतेने मऊ पडतो. पिवळा रबरी डिंक असेल तर इस्त्रीनंतर उरलेला थर थिनरने निघतो, पण इस्त्री बंद करून, ती थंड झाल्यावरच. कडा हातमोज्यांनी धरा, सनमायका काचेसारखा कापतो.

खाली काय निघेल याची तयारी ठेवा. सनमायका नीट चिकटावा म्हणून पूर्वी फळीवर करवतीने आडवेतिडवे ओरखडे काढत. १ मिलिमीटरपर्यंतचे असतील तर रंध्याने जातील. हे काम सुताराकडे द्या, ३ फूट रुंद पान हाताने सपाट करणं नवशिक्याचं काम नाही. खोल असतील तर दुसरा सनमायका नाहीतर सागवानी विनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा), हट्ट धरू नका.

आणि फळ्यांच्या मधल्या फटी. आत्ता उन्हाळ्यात त्या उघड्या दिसतील, पुट्टी भरायचा मोह होईल. भरू नका. पावसाळ्यात ३ फुटांचं पान काही मिलिमीटर सहज फुगतं, तेव्हा पुट्टी बाहेर ढकलली जाते किंवा पान कमानीसारखं उठतं. ऑगस्टमध्ये ज्या फटी शिल्लक राहतील त्यात सागवानाचीच पातळ चीप एका कडेला चिकटवून बसवा. पान चौकटीला ज्या लाकडी गुटक्यांनी धरलंय ते तसेच राहू द्या. तिथे फेव्हिकॉल भरून पक्कं केलं की पान फुगायला जागा उरत नाही आणि मधोमध चिरतं.

---

सातासमुद्रापार

अवांतर: आजोळची अशीच एक आरामखुर्ची बेंगळुरूहून मेलबर्नला न्यायची आहे. काही अडचण?

---

बुधवार_रविवार

शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ च्या कायद्याने ती पुरावस्तू ठरू शकते, आणि तशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. त्याहून नवी असेल तर ती पुरावस्तू नाही असा दाखला पुरातत्त्व खात्याकडून घेऊन ठेवा. खोक्याचं लाकूड ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं आणि शिक्का मारलेलं लागतं. खुर्चीत किड्याची भोकं असतील तर तिथल्या तपासणीत ती अडकेल, म्हणून वरचा टेपचा प्रयोग इथेच करून घ्या. वेत काढूनच पाठवा, तिकडे नवा विणता येईल.

---

रिकामा_कोपरा

माल घरी आला. बोळा स्पिरिटने तपकिरी झाला, म्हणजे लाखच. बैठकींना पन्हळ नाही, भोकं आहेत, अर्ध्या इंचावर. सहापैकी एका खुर्चीच्या मागच्या पायाला सुताराने पूर्वी आडवा खिळा मारलाय आणि तिथे पाय उभा चिरलाय, साधारण ४ इंच. हा पाय वाचेल का?

---

सुतारपक्षी

चीर रेषेच्या दिशेने असेल आणि दाबल्यावर मिटत असेल तर वाचेल. खिळा आधी काढा, ओढून नाही. डोक्याभोवतीचं लाकूड पटाशीने किंचित मोकळं करून पकडीने फिरवत काढा. पातळ पुट्टीपट्टी घालून चीर जरा उघडी धरा, आत हवेच्या फुंकरीने धूळ काढा, थिनर सोडा, सुकू द्या. सावकाश घट्ट होणारं अ‍ॅरल्डाइट हेअर ड्रायरने कोमट केलं की पातळ होतं आणि खोलवर जातं. चीर मिटवून तुमचे दोन्ही सी-क्लॅम्प, मध्ये प्लॅस्टिकचा कागद आणि लाकडी तुकडे. चोवीस तास. मग खिळ्याच्या भोकात ६ मिलिमीटरचं ड्रिल करून सागवानी मेख चिकटवा, मेखेच्या रेषा पायाच्या रेषांना समांतर ठेवून.

दाबूनही चीर मिटत नसेल तर आत काहीतरी अडकलंय. बहुतेक दुसरा खिळा. चुंबक फिरवा.